खिडकीची बटणे कोणत्या बाजूला?

(संगणकावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



२०१० सालच्या मार्च महिन्यात देशोदेशींची माणसे वरकरणी अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या एका प्रश्नावर वाद घालीत होती. प्रश्न तीन बटणांचा होता. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक कामासाठी जी चौकट उघडते तिला खिडकी म्हणतात, आणि त्या खिडकीच्या माथ्यावर ती लहान करणे, मोठी करणे व बंद करणे यांसाठी तीन बारीक बटणे असतात. उबुंटू या प्रणालीत ही बटणे पहिल्यापासून उजव्या कोपऱ्यात होती. एप्रिलमध्ये निघावयाच्या नव्या आवृत्तीत ती डाव्या कोपऱ्यात नेण्यात आली. ज्यांचा हात उजवीकडे सरावला होता त्यांचा हात रिकाम्या जागी जाऊ लागला. तक्रारी आल्या, तक्रारींवर मते आली, मतांवर प्रतिमते आली. अखेर उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी स्वतः उत्तर दिले. त्याचा आशय असा होता की, ही लोकशाही नव्हे. चांगल्या सूचनांचे व चांगल्या माहितीचे स्वागत आहे, परंतु मांडणीच्या निर्णयांवर मतदान घेतले जात नाही.

उत्तर रोखठोक होते. पण उबुंटू हा शब्दच मुळी दक्षिण आफ्रिकेतील लोकभाषांमधला, आणि त्याचा अर्थ माणसाने दुसऱ्या माणसाशी ठेवावयाची माणुसकी. त्या नावाच्या प्रणालीच्या संस्थापकाकडून आलेले हे वाक्य अनेकांच्या जिव्हारी लागले. एखाद्या व्यापारी कंपनीने आपल्या वस्तूचे रूप बदलले तर गिऱ्हाईक कुरकुरते आणि पुढल्या खेपेस दुसरीकडे जाते. येथे मात्र वापरणाऱ्यांना वर्षानुवर्षे सांगण्यात आले होते की ही वस्तू तुमची आहे, तुम्हीच ती घडविता. घर तुमचे आहे असे सांगून दार कोणत्या भिंतीला असावे हे मात्र विचारू नका असे म्हटले, तर ते घर नेमके कोणाचे?

या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर थोडे मागे जाणे भाग आहे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. संगणकाची संपूर्ण कार्यप्रणाली अशी असावी की जी कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी आणि वाटावी, ही त्यांची भूमिका होती. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा होऊ शकेल अशी लिनक्स ही आज्ञावली प्रसिद्ध केली. हे दोन्ही प्रवाह, आणि इतर शेकडो लहानमोठ्या आज्ञावली, एकत्र बांधून सामान्य माणसाच्या हाती देण्याचे काम निरनिराळ्या गटांनी अंगावर घेतले. त्यांतील एक जुना व मातब्बर गट म्हणजे १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेला डेबियन. तो स्वयंसेवकांचा आहे. त्याला मालक नाही. त्याच डेबियनच्या पायावर २००४ च्या ऑक्टोबरमध्ये शटलवर्थ यांनी उबुंटू उभी केली. आपली एक कंपनी विकून ते धनाढ्य झाले होते आणि २००२ मध्ये स्वखर्चाने अंतराळात जाऊन आले होते. उबुंटूच्या मागे त्यांचा पैसा आणि त्यांची कॅनॉनिकल ही कंपनी उभी राहिली.

या पैशाने मोठे काम झाले हे नाकारणे अन्यायाचे होईल. दर सहा महिन्यांनी ठरल्या वेळी नवी आवृत्ती निघू लागली. २०११ पर्यंत कोणी मागितली तर प्रणालीची तबकडी टपालाने घरपोच, विनामूल्य पाठविली जाई. दूरवरच्या विद्यार्थ्यांपर्यंत लिनक्स पोहोचविण्यास ती कारणीभूत झाली. उबुंटूच्या दोषांची जी जाहीर वही होती तिच्यातील पहिलाच दोष शटलवर्थ यांनी स्वतः नोंदविला होता : नव्या डेस्कटॉप संगणकांच्या बाजारपेठेत मायक्रोसॉफ्टचा हिस्सा बहुसंख्य आहे, हा तो दोष. २००४ ची ही नोंद त्यांनी २०१३ मध्ये मिटविली. लोक फोनवर आणि इतर साधनांवर गेले, तेथे अँड्रॉइड आले, म्हणून जुने वर्चस्व मोडले, असे त्यांचे म्हणणे होते. डेस्कटॉपवरचे वर्चस्व मात्र होते तेथेच होते. ते लिनक्सने मोडलेले नव्हते.

त्या वहीविषयी थोडे अधिक सांगावयास हवे, कारण वापरणाऱ्यांचा आवाज ऐकू येण्याची खरी जागा ती होती. कोणीही यावे, आपल्याला काय अडले ते लिहावे, दुसऱ्याने त्याखाली आपलाही अनुभव जोडावा, ज्याला दुरुस्ती करता येते त्याने ती करावी, असा तिचा शिरस्ता. अशा वह्या फार लवकर फुगतात. यंत्र सुरूच होत नाही, कागदपत्रे नाहीशी होतात, अशा मोठ्या दोषांच्या ढिगाखाली किरकोळ कुरबुरी दबून जातात. पण रोज वापरणाऱ्या माणसाला मोठे दोष वर्षातून एकदा भेटतात. किरकोळ कुरबुरी दिवसातून दहादा.

२००९ मध्ये कॅनॉनिकलच्या मांडणी विभागाने यावर एक उपाय काढला. कागदाची कड लागून बोटाला बारीक काप जातो. त्याने कोणी मरत नाही, पण दिवसभर झोंबत राहतो. अशा दोषांना त्यांनी कागदी काप असेच नाव दिले आणि व्याख्याही ठरविली. दोष लहान असावा, सामान्य माणसाला नेहमीच्या वापरात भेटणारा असावा आणि सहज दुरुस्त होण्यासारखा असावा. ऑक्टोबर २००९ च्या आवृत्तीपूर्वी असे १०० काप बरे करावयाचे, असा संकल्प सोडला गेला. लोकांना आवाहन झाले की तुम्हाला काय झोंबते ते सांगा. लोकांनी सांगितले. एखाद्या यादीतील संदिग्ध शब्द, एखादी खिडकी नको तेवढी लहान उघडणे, एखादा निरर्थक इशारा, असल्या त्या गोष्टी. कित्येक दुरुस्त्या दोनचार ओळींच्या होत्या. पण त्या दोनचार ओळी कोठे लिहावयाच्या हे ज्याला ठाऊक होते त्याला तो दोष दिसत नव्हता, कारण त्याची नजर मेली होती. आणि ज्याला तो दिसत होता त्याला त्या ओळी लिहिता येत नव्हत्या. या दोघांची गाठ घालून देणे एवढेच त्या उपक्रमाने केले. डेस्कटॉप लिनक्सच्या इतिहासात सामान्य वापरणाऱ्याच्या शब्दाला इतकी किंमत क्वचितच आली असेल.

याच काळात, २००८ पासून, उबुंटूने आणखी एक सोय केली होती. कोणीही कल्पना मांडावी आणि इतरांनी तिला अनुकूल वा प्रतिकूल मत द्यावे. कल्पना पुष्कळ आल्या, मते त्याहून पुष्कळ पडली. परंतु ज्या कल्पनेला भरघोस मते मिळाली ती अमलात आणण्याचे बंधन कोणावरही नव्हते, आणि मत देणाऱ्यालाही मतापलीकडे काही करावे लागत नव्हते. २०१३ मध्ये ती सोय बंद झाली. ज्या मतपेटीला अधिकार जोडलेला नाही ती तक्रारपेटीच असते, आणि तक्रारपेटी उघडणारे कोणी नसेल तर तिला कुलूप तरी कशाला हवे?

आता पुन्हा बटणांकडे वळू या. शटलवर्थ यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते काय? तसे म्हणता येत नाही. मांडणी ही बहुमताने साधणारी गोष्ट नाही, हे कोणताही सुतार सांगेल. दहा जणांच्या दहा सूचना एकाच खुर्चीत बसविल्या की ती खुर्ची बसण्याच्या कामाची राहात नाही. सवयीचा बचाव करणारा माणूस प्रत्येक वेळी शहाणपणानेच बोलतो असेही नाही. परंतु त्यांच्या भूमिकेत दोन गोष्टी खटकणाऱ्या होत्या. एक म्हणजे, बदल आधी झाला आणि कारण मागाहून आले. कारण असे देण्यात आले की उजवीकडची जागा मोकळी झाली तर तेथे पुढे काही नवे आणता येईल. त्या जागी प्रत्येक खिडकीची स्थिती दाखविणारी लहान चिन्हे येणार अशी कल्पनाही त्याच वर्षी मांडण्यात आली. ती कल्पना पूर्णत्वास गेली नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चांगली माहिती आणा, ऐकून घेऊ, असे म्हणणाऱ्याने आपल्याजवळची माहितीही पुढे ठेवावयास हवी होती. किती लोकांना यंत्रासमोर बसवून पाहिले, त्यांना डावीकडची बटणे सापडली की नाही, हे वाद पेटण्यापूर्वी मांडले असते तर कदाचित वाद पेटलाच नसता. मतदान नको असेल तर त्याऐवजी निदान पुरावा हवा. दोन्ही नसले की उरते ती केवळ मालकाची इच्छा. शटलवर्थ स्वतःला विनोदाने स्वयंनियुक्त, तहहयात, परोपकारी हुकूमशहा म्हणवीत. विनोद चांगला होता. पण विनोदातील कोणता शब्द खरा ठरेल हे प्रसंग आल्याशिवाय कळत नाही.

प्रसंग लवकरच आले. एप्रिल २०११ मध्ये उबुंटूने जुनी मांडणी बाजूला सारून युनिटी ही आपली स्वतःची मांडणी सर्वांपुढे ठेवली. त्याच महिन्यात ग्नोम या स्वतंत्र डेस्कटॉप प्रकल्पानेही आपली तिसरी आवृत्ती काढली. तिच्यात तर खिडकी लहान करण्याचे व मोठी करण्याचे बटणच नाहीसे झाले. दोन्हीकडे मांडणीकारांचा आत्मविश्वास मोठा होता. टॉर्वाल्ड्स यांच्यासारख्या माणसानेही तेव्हा ग्नोमवर जाहीर टीका केली आणि काही काळ दुसरा डेस्कटॉप वापरला. त्यांच्यासारख्यांना ते सोपे होते. ज्या कचेरीतील लेखनिकाला सकाळी उठल्यावर पडदाच निराळा दिसला, त्याने काय करावे?

त्याहून गंभीर प्रसंग ऑक्टोबर २०१२ चा. त्या आवृत्तीत आपल्याच संगणकातील एखादी फाईल शोधण्यासाठी शब्द टाकला की तो शब्द कॅनॉनिकलच्या यंत्रांकडे जाई आणि उत्तरात ॲमेझॉनच्या विक्रीच्या वस्तूही दाखविल्या जात. माणूस आपल्या कपाटात कागद शोधतो आहे आणि मागे दुकानदार उभा आहे, असा तो प्रकार. तो बंद करण्याची सोय होती, पण न विचारता चालू असणे हाच आक्षेप होता. स्टॉलमन यांनी या सोयीला हेरगिरी म्हटले. खाजगीपणाच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थांनी निषेध केला. तरीही ही सोय मुळातच बंद अवस्थेत देण्याचा निर्णय २०१६ मध्ये अमलात आला. साडेतीन वर्षे लागली. बटणांच्या वादात जे म्हणत होते की आज बटणे, उद्या काय, त्यांना अतिरेकी ठरविणाऱ्यांनी हा कालक्रम पाहावा.

येथे कोणी म्हणेल की पटत नसेल तर सोडून जाण्याची मुभा आहे ना. आहे, आणि ती साधी मुभा नव्हे. मुक्त परवान्यामुळे प्रणालीचा सगळा मजकूर उचलून वेगळे घर थाटता येते. कोणतीही व्यापारी कंपनी हे होऊ देणार नाही. ग्नोमची जुनी मांडणी टाकून दिली गेली तेव्हा अर्जेंटिनातील एका वापरणाऱ्याने २०११ मध्ये ती उचलली, तेथील लोकप्रिय पेयाच्या नावावरून तिला माटे असे नाव दिले, आणि ती आजही चालते. फ्रान्सचे क्लेमाँ लफेव्र यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स मिंटने सिनॅमन हा आपला डेस्कटॉप घडविला. त्याची मांडणी मुद्दामच सवयीची ठेवली होती. मिंटचा खर्च पुष्कळसा वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर चालतो आणि देणगीदारांचा हिशेब दरमहा प्रसिद्ध होतो. आपल्या चळवळीतील वर्गणीदारांच्या याद्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

मात्र वेगळे घर थाटले तरी विहीर जुन्याच वाड्यात राहते. मिंटची मुख्य आवृत्ती उबुंटूच्याच सामग्रीवर उभी आहे. २०२० मध्ये याचा प्रत्यय आला. उबुंटूने क्रोमियम हा न्याहाळक आपल्या स्नॅप या नव्या पद्धतीने द्यावयास सुरुवात केली. या पद्धतीचे भांडार कॅनॉनिकलच्या ताब्यात आहे, आणि माणूस जुन्या पद्धतीने न्याहाळक मागे तेव्हा त्याच्या नकळत ही नवी यंत्रणाच येऊन बसे. मिंटने ती वाट अडविली आणि न्याहाळक स्वतः बांधून देण्याचे काम अंगावर घेतले. उबुंटू उद्या नाहीशी झाली तर काय, या विचाराने मिंट थेट डेबियनवर उभारलेली एक आवृत्तीही राखून आहे. सोडून जाण्याच्या हक्काला किंमत असते ती अशी : कोणीतरी ते काम दरमहा करीत राहावे लागते.

मग जेथे मालकच नाही तेथे काय होते? डेबियनकडे घटना आहे. ती १९९८ ची आहे. दरवर्षी नेता निवडला जातो. मोठ्या प्रश्नावर सर्वसाधारण ठराव मांडता येतो, त्याला उपसूचना देता येतात, आणि मतदार सर्व पर्याय आपल्या पसंतीच्या क्रमाने लावतात. अनेक वर्षे प्रत्येक मतपत्रिकेवर पुढील चर्चा असाही एक पर्याय असे. कोणताच प्रस्ताव पटला नाही तर त्याला वरचा क्रम द्यावा. सभा चालविण्याचा अनुभव असलेल्या कोणालाही या पर्यायाचे मोल सांगावयास नको.

या घटनेची कसोटी २०१४ मध्ये लागली. संगणक सुरू होताना सर्व सेवा कोणत्या यंत्रणेने चालू कराव्यात, हा प्रश्न होता. सिस्टीम-डी ही नवी यंत्रणा स्वीकारावी की नाही. तांत्रिक समितीत आठ सभासद. मते चार विरुद्ध चार पडली आणि फेब्रुवारीत अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टीम-डीची निवड झाली. असंतोष शमला नाही. नोव्हेंबरमध्ये सर्व सभासदांपुढे ठराव गेला, आणि जिंकलेला पर्याय असा होता की या विषयावर सर्वसाधारण ठरावाची गरजच नाही. म्हणजे बहुमताने सांगितले की आता पुरे. पण तोवर माणसे थकली होती. समितीतील अनुभवी सभासदांनी राजीनामे दिले, एका जुन्या कार्यकर्त्याने डेबियनच सोडले, आणि काहींनी डेव्हुआन नावाची वेगळी प्रणाली जाहीर केली. निर्णय रीतसर झाला, हिशेब चोख होता, तरी किंमत मोजावी लागली. लोकशाही पद्धतीने दुखावलेली माणसे दुखावत नाहीत असा समज कोणाचा असेल तर त्याने त्या वर्षीचा पत्रव्यवहार वाचावा. तो जाहीर आहे.

आणि डेबियनमध्येही मताचा अधिकार कोणाला आहे? काम करून सभासदत्व मिळविलेल्यांना. असे सभासद सुमारे एक हजार असतील. डेबियन व तिच्यातून निघालेल्या प्रणाली वापरणारे यांच्या कितीतरी पट. जो काम करील तो ठरवील हे तत्त्व या सर्व गटांत मानले जाते. ते मालकशाहीपेक्षा निश्चितच बरे. श्रमाला अधिकार देणारे ते तत्त्व आहे. पण त्याची एक काळी बाजू आहे. ज्याला काम करण्यास सवड आहे, इंग्रजी आहे, चांगली जोडणी आहे आणि डोळे आहेत, तोच काम करतो. म्हणून तोच ठरवितो.

डोळ्यांचा उल्लेख सहज केलेला नाही. अंध माणसाला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारी ऑर्का नावाची आज्ञावली ग्नोममध्ये आहे. तिच्यावर सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीचे पगारी अभियंते काम करीत. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि थोड्याच दिवसांत त्या अभियंत्यांना कमी करण्यात आले. परवाना मुक्त होता, मजकूर सर्वांचा होता, कोणीही पुढे न्यावा अशी मुभा होती. पण मुभा असणे आणि रोज आठ तास ते काम करणारे हात असणे यांत जे अंतर आहे ते त्या वर्षी अंध वापरणाऱ्यांना कळले. मूठभर निष्ठावंतांनी ऑर्का जगविली. त्याच महिन्यांत बटणे डावीकडे की उजवीकडे यावर जग भांडत होते, हे आठवले म्हणजे मन विषण्ण होते. पडदाच ज्याला दिसत नाही त्याला तो वाद कसा दिसला असेल?

मराठी माणसाचा कागदी काप तर याहून वेगळाच. आचार्यास आणि आचाऱ्यास हे दोन शब्द एक नव्हेत. एक गुरूला, दुसरा स्वयंपाक्याला. दऱ्या म्हणजे डोंगरांतल्या खाचा आणि दर्या म्हणजे समुद्र. हा फरक दाखविणारा अर्धा र मराठीला लागतो. हिंदीला त्याची गरज पडत नाही. मराठी ल आणि श यांची वळणेही वेगळी आहेत, आणि २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढून ती निश्चित केली. संगणकाच्या अक्षरसंचात एकाच देवनागरीत हे सर्व सामावून घ्यावयाचे, तर हा दोष आहे असे कोणीतरी मराठी जाणणाऱ्यानेच सांगावे लागते. अमेरिकेतील वा युरोपातील कोणताही मांडणीकार, तो कितीही सहृदय असो, ही तक्रार करूच शकणार नाही. पुण्यात रेड हॅट कंपनीच्या कचेरीतील अभियंत्यांनी लोहित या मुक्त अक्षरसंचांवर असे काम केले. शब्दांचेही तसेच. डेस्कटॉपवर वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी काढून प्रत्येक भाषेतील लोकांनी एकत्र बसून प्रतिशब्द ठरवावेत, असा फ्युएल नावाचा उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला आणि मराठीही त्यात आली. फाईल ठेवावी, धारिका करावी की संचिका, यावर दोन तास भांडता येते. परंतु ते भांडण ज्यांना तो शब्द रोज वाचावयाचा आहे त्यांच्यात होते, ही समाधानाची गोष्ट आहे. सक्तीने आलेला बोजड शब्द पडद्यावर पाहून मराठी शिक्षक इंग्रजी पडद्याकडे वळतो, हेही मान्य करावयास हवे.

किरकोळ कुरबुरी ऐकल्या गेल्या नाहीत तर त्यांचे राजकारण कसे होते, याचे उदाहरण जर्मनीतील म्युनिक शहराने घालून दिले. २००३ मध्ये तेथील नगरपालिकेने मायक्रोसॉफ्ट सोडून लिनक्सवर जाण्याचा निर्णय घेतला. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक नव्या प्रणालीवर आले. काम लहान नव्हते. पालिकेने स्वतःची माणसे उभी केली, स्वतःची आवृत्ती बांधली. पण कर्मचाऱ्यांची कुरकुर चालू राहिली. बाहेरून आलेला कागद नीट उघडत नाही, छपाई होत नाही, दाद कोणाकडे मागावी ते कळत नाही. २०१४ मध्ये आलेल्या नव्या महापौरांनी त्या कुरकुरीला वाचा दिली. सल्लागारांच्या अहवालात अडचणींचे मूळ प्रणालीपेक्षा पालिकेच्या संगणक विभागाच्या विस्कळीत रचनेत असल्याचे दिसत होते. तरीही २०१७ मध्ये परत विंडोजकडे जाण्याचा ठराव झाला. त्या निर्णयामागे इतर हितसंबंध होते की नव्हते यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि संशयाला जागाही आहे. परंतु मजकूर मुक्त आहे एवढ्याने छपाई न होणाऱ्या लेखनिकाचे समाधान होत नाही, हे तेथील समर्थकांनी फार उशिरा ओळखले. त्याच जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार कर्मचाऱ्यांचे संगणक मुक्त प्रणालीवर नेण्याचे जाहीर केले. त्यांनी म्युनिकचे कागद वाचले असतील अशी आशा करावी.

बटणांची गोष्ट अर्धीच राहिली. २०१७ च्या मार्चअखेर उबुंटूतर्फे लोकांना विचारण्यात आले की पुढील आवृत्तीत तुम्हाला काय हवे. हजाराहून अधिक उत्तरे आली. आठवडा उलटण्यापूर्वीच, एप्रिलमध्ये, शटलवर्थ यांनी युनिटीवरचे काम थांबविल्याचे जाहीर केले. ज्या मांडणीसाठी सहा वर्षे वाद झाले तिचा शेवट व्यावसायिक हिशेबाने झाला. ऑक्टोबरच्या आवृत्तीत उबुंटू पुन्हा ग्नोमवर आली आणि बटणे उजव्या कोपऱ्यात परतली. तोपर्यंत साडेसात वर्षे लोटली होती आणि कित्येकांचे हात डावीकडे सरावले होते.

हा विषय आज घेण्याचे कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार काढून घेतला. विंडोज ११ ला जी सामग्री लागते ती साधारणतः २०१७ पूर्वीच्या संगणकांत नाही. यंत्र धडधाकट आहे, पण मालकाने त्याला म्हातारे ठरविले, अशी स्थिती. ग्रंथालये, शाळा, कामगार संघटनांच्या कचेऱ्या, सहकारी पतपेढ्या यांच्याकडे असलेली यंत्रे बहुधा याच वयाची असतात. त्यांतील काहींवर आता मिंट किंवा उबुंटू चढेल. ती चढविणारा तरुण कार्यकर्ता उत्साहाने अर्ध्या तासात काम उरकील आणि निघून जाईल. दुसऱ्या दिवशी कचेरीतील वयस्क कारकून मराठी टंकावयास बसेल, त्याच्या सवयीचा कळफलक सापडणार नाही, आणि तो म्हणेल की हे तुमचे लिनक्स काही कामाचे नाही.

त्या वाक्यावर वाद न घालता ते लिहून घेणे हे त्या तरुणाचे काम आहे. काय करावयास गेलो, काय व्हावयास हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, यंत्र कोणते, आवृत्ती कोणती, एवढे पाच तपशील असले की तक्रार दुरुस्त करणाऱ्याच्या कामी येते. कारकुनाला ती इंग्रजीत लिहिता येणार नाही. ज्याला येते त्याने त्याच्या शेजारी बसून लिहून द्यावी, आणि उत्तर आले की त्याला मराठीत सांगावे. उबुंटू व मिंट यांच्या दोषवह्या सर्वांना खुल्या आहेत. डेबियनकडे तर त्यासाठी खाते उघडण्याचीही आवश्यकता नाही. साधे ई-पत्र पाठविले की नोंद होते, तिला क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक घेऊन कोणालाही विचारता येते की आमच्या तक्रारीचे काय झाले.